उधारी, बलुतं आणि दारात बसलेला सावकार

गेल्या दिवाळीत वाशीमला घरी गेलो तेव्हा बाबांच्या मोबाइलमध्ये उधारीचा हिशोब ठेवणारं एक ॲप टाकून दिलं. बाबा सुतारकाम करतात. दारं, चौकटी, पलंग, देव्हारे, हल्ली किचनच्या ट्रॉल्या. त्यांची लाल कापडी बांधणीची वही घेऊन मी एकेक नाव ॲपमध्ये भरत गेलो. अकरा नावं निघाली. बाकी एक लाख अडतीस हजार. त्यातली सगळ्यात जुनी बाकी साडेतीन वर्षांपूर्वीची, एका सागवानी दाराची.

प्रत्येक नावापुढे ‘आठवण पाठवा’ असं बटण होतं. ते दाबलं की गिऱ्हाइकाला मेसेज जातो. मी पहिल्याच नावावर बोट नेलं, तेवढ्यात बाबा म्हणाले, “त्याले मेसेज नको पाठवू. पुढच्या महिन्यात त्याच्याच पोराच्या लग्नात जेवाले जा लागते.”

मला राग आला. त्या माणसानं मधल्या काळात चारचाकी घेतली होती. पैसे मागितले की तो दाराला फट पडली म्हणायचा, आणि बाबा रंधा घेऊन जाऊन ती फट फुकटात काढून यायचे. माझा पगार एक तारखेला नाही आला तर दोन तारखेला मी एचआरला तीन मेल करीन. मग बाबांना स्वतःच्या कष्टाचे पैसे मागायला एवढा संकोच कशाचा?

“तुह्या आजोबाले कधी मागा नाही लागलं,” बाबा म्हणाले. “खळ्यावर जायचे अन् घेऊन यायचे.”

हे वाक्य डोक्यात राहिलं. पुण्याला परत आल्यावर मी बलुत्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. खरंच मागावं लागत नव्हतं का? आणि कुणी दिलंच नाही तर काय करत होते?

गिऱ्हाईक म्हणजे अख्खं गाव

बलुतं म्हणजे गावाच्या कारागिरांना आणि सेवकांना पिकातून मिळणारा वाटा, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. मोल्सवर्थच्या मराठी शब्दकोशात बारा बलुतेदारांच्या तीन ओळी दिल्या आहेत. थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार, मांग. मधल्या ओळीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकट्या ओळीत भट, मुलाणा, गुरव, कोळी. यादी गावागणिक बदलायची, पण सुतार-लोहार जवळपास सगळीकडे थोरल्या ओळीत. कारण साधं आहे. नांगर मोडला तर पेरणी थांबते.

शेतकऱ्यानं लाकूड द्यायचं, सुतारानं नांगर, वखर, तिफण वर्षभर नीट ठेवायची. त्या दुरुस्तीचे वेगळे पैसे नाहीत. सुगीला खळ्यावर सुतारानं जायचं आणि ठरलेला वाटा घ्यायचा. नवी बैलगाडी किंवा घराची दारं-चौकटी मात्र बलुत्यात येत नसत. त्या कामाची मजुरी वेगळी ठरायची.

इथं मला पहिल्यांदा थांबावं लागलं. बाबांच्या वहीतली सगळी बाकी दारं, चौकटी आणि पलंगांची आहे. म्हणजे आजोबांना मागावं लागत नव्हतं ते नांगराचं. दाराचे पैसे तेव्हाही मागावेच लागत असणार.

पण नांगराचं बलुतं न मागता का मिळत होतं? फुकाझावा हिरोशी या जपानी इतिहासकारानं अठराव्या शतकातल्या मराठी गावांचे कागद तपासून १९७२ साली एक निबंध लिहिला. बलुतेदार एकेका घराचा नोकर होता की गावाचा, हा त्याचा प्रश्न. कागदांवरून त्याचं उत्तर असं निघालं, की बलुतेदार अख्ख्या गावानं ठेवलेला असे. त्याचं काम हे त्याचं वतन होतं. ते वारशानं यायचं, भावांमध्ये वाटलं जायचं, विकलंही जायचं. दुसऱ्या सुतारानं गावात येऊन काम घेतलं, तर वतनदार सुतार तक्रार करू शकत होता.

अशी भांडणं गोतसभेपुढे जायची. निवाडा झाला की महजर लिहिला जायचा आणि त्यावर पाटील, कुलकर्णी, शेटे यांच्याबरोबर बलुतेदारांचीही नावं यायची. लिहिता न येणारा आपली निशाणी करायचा. पाटलाची निशाणी नांगराची आणि कारागिराची त्याच्या हत्याराची. म्हणजे पैसे बुडवणाऱ्यासमोर एकटा सुतार उभा नव्हता. ज्या गावाच्या कागदावर त्याची खूण होती, ते गाव मध्ये होतं.

न देणं हेच हत्यार

इथपर्यंत वाचून मला जुना काळ बराच चांगला वाटायला लागला होता. पण पुढचं वाचल्यावर तो उतरला.

बलुतेदाराला गिऱ्हाईक बदलता येत नव्हतं आणि काम नाकारताही येत नव्हतं. खळ्यावर चांगलं धान्य द्यायचं की भुसकट, हे देणाऱ्याच्या हातात होतं. देणाऱ्यांचीही तक्रार होती, हे खरं. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली आलं. त्यात शेतकऱ्याच्या बाजूनं लिहिलंय, की काम होवो न होवो, हक्क म्हणून खळ्यावर गर्दी होते आणि कुणब्याच्या पदरात थोडंच उरतं. सुताराला जो हक्क वाटतो, तो शेतकऱ्याला जाच वाटायचा.

पण दोन्ही बाजूंचं बळ सारखं नव्हतं. हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते महारांच्या बलुत्यात. महारांचं काम बरंचसं सरकारी होतं. सारा पोचवणं, निरोप नेणं, गावात आलेल्या अंमलदारांची चाकरी. मेहनताना मात्र गावच्या रयतेनं धान्यात द्यायचा. काम एकाचं, पैसे दुसऱ्याकडून. त्यामुळे महारांनी मेलेली गुरं ओढायचं नाकारलं, पाणवठ्याचा हक्क मागितला, की गाव बलुतं बंद करायचं.

१९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९ मार्च १९२८ रोजी, डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात एक विधेयक मांडलं. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं. त्यातली एक मागणी अशी होती, की बलुत्याचं रूपांतर पैशात करावं आणि ती रक्कम सरकारनं जमीन महसुलाबरोबर वसूल करून द्यावी. वाशीम तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं, त्यामुळे हे विधेयक आमच्या गावांना लागू झालं नसतं. पण दुखणं तेच होतं.

ती मागणी मला फार नेमकी वाटते. आंबेडकर भाव वाढवून मागत नव्हते. देणारा आणि घेणारा यांच्यामधून खळं काढून टाका, असं ते म्हणत होते. माणसाला हात पसरून उभं राहावं लागलं की हक्काची भीक होते. ते विधेयक मंजूर झालं नाही. पुढे पन्नास वर्षांनी, १९७८ साली, दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिलं, ते उगाच नाही.

दारात बसणं

मग बलुत्याबाहेरच्या पैशांचं काय? सावकार, वाणी, कापडवाला, पगार थकलेला शिपाई यांनी वसुली कशी करायची?

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं १८१९ साली कंपनी सरकारला एक मोठा अहवाल दिला. त्यात त्यानं ‘तकाजा’ सविस्तर सांगितला आहे. आपला ‘तगादा’ तो हाच. ऋणको आपल्यापेक्षा खालचा किंवा बरोबरीचा असेल, तर धनको त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, उन्हात बसवून ठेवी. ऋणको वरचा असेल, तर मात्र धनको आधी विनवण्या करी, त्याच्या अब्रूला हात घाली, त्याच्या उंबरठ्यावर आडवा पडे, दारासमोर आरडाओरडा करी. शेवटचा उपाय म्हणजे दारात उपाशी बसणं. तो उपाशी असेपर्यंत घरच्या माणसालाही जेवता येत नसे.

हेच धरणं. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांतही पगार थकलेले सैनिक धरणं धरून बसल्याचं वर्णन येतं. आज आपण कलेक्टर ऑफिससमोर ‘धरणे आंदोलन’ म्हणतो, तेव्हा वसुलीचाच हा जुना शब्द वापरत असतो.

पण एल्फिन्स्टनच्या वर्णनातली एक गोष्ट मी परत परत वाचली. वसुलीची पद्धत रकमेवर ठरत नव्हती, कोण कुणापेक्षा वर आहे यावर ठरत होती. धरणं चालायचं ते लाजेवर आणि पापाच्या भीतीवर. ब्राह्मण दारात उपाशी मेला तर ब्रह्महत्येचं पातक, म्हणून त्याचं बसणं भयंकर. बनारसच्या ब्राह्मणांच्या धरण्याविरुद्ध तर कंपनीनं १७९५ सालीच कायदा केला होता. मांगाच्या किंवा महाराच्या उपासाला कोण घाबरणार? तो तसाही उपाशीच असायचा.

१८६० साली भारतीय दंडविधान आलं. त्याच्या ५०८ व्या कलमाचं पहिलंच उदाहरण धरण्याचं आहे. आपण दारात बसलो की घरच्या माणसावर देवाचा कोप होईल, असं भासवायला बसणं हा गुन्हा ठरला. वऱ्हाडाचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे होता, त्यामुळे पुढे हा कायदा तिथंही आला. १ जुलै २०२४ ला दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही हा गुन्हा शिल्लक आहे.

धरणं बंद झालं हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. माणसाला उन्हात बसवणं कुणालाच नको. पण त्याच्या जागी आलं ते कोर्ट. सावकाराकडे कागद होता, वकील होता, वेळ होता. सुताराकडे यातलं काहीच नव्हतं. पंधरा हजारांच्या दारासाठी दावा लावायचा तर तारखांना जाण्यात जेवढे रोज बुडतील, तेवढ्यात दुसरं दार होईल. पुढे शेती बदलली, ट्रॅक्टर आले, लोखंडी अवजारं आली, बलुतंही गेलं. कारागीर मोकळा झाला, पण त्याच्यामागचं गाव गेलं आणि गावातलं वर-खाली तेवढं राहिलं.

म्हणून दुकानात पाटी लागते, ‘आज रोख, उद्या उधार’. आणि ज्यानं ती लावलेली असते, तोच वहीत उधारी लिहीत असतो.

वहीवरची सही

बाबांचा संकोच आता मला थोडा कळतो. ॲपला सगळी गिऱ्हाइकं सारखी. बाबांना नाही. अकरापैकी कोण पुढचं काम देऊ शकतो, कोण ते तोडू शकतो, कुणाच्या वडिलांच्या खळ्यावर आजोबा उभे राहिले होते, हे त्यांना माहीत आहे. मेसेज पाठवणं त्यांच्या हिशोबात वरच्याच्या दारात ओरडण्यासारखं आहे.

तरी कायद्यात बाबांच्या उपयोगाचं काहीच नाही, असं नाही. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. बाबांची उद्यम नोंदणी आम्ही आता करून घेतली, ती फुकट होते. पण शेजारच्या माणसावर हा कायदा ते लावणार नाहीत, हे मलाही माहीत आहे.

त्यांच्या कामाची निघाली ती एक जुनी, साधी तरतूद. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे केलेल्या कामाच्या मजुरीसाठी तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. पण ती मुदत संपायच्या आत देणेकऱ्यानं ‘एवढी बाकी आहे’ असं लिहून सही केली, तर त्या दिवसापासून मुदत पुन्हा नव्यानं सुरू होते. आणि मुदत उलटून गेली असली तरी, १८७२ च्या करार कायद्याच्या २५ व्या कलमानुसार, त्यानं ते पैसे देण्याचं लेखी वचन सहीनिशी दिलं तर ते धरलं जातं.

मी फोनवर हे बाबांना सांगितलं. पैसे मागू नका, फक्त बाकी वाचून दाखवा आणि सही घ्या. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सही मागणं म्हंजे त्याच्यावर विश्वास नाही असं नाही का होत?”

“बाबा, जुन्या कागदावर पाटीलही निशाणी करायचा अन् सुतारही करायचा. त्यात कुणाचा अपमान नव्हता.”

गुढीपाडव्याला ते वही घेऊन निघाले. नवं वर्ष, जुना हिशोब लिहून घेतोय, असं सांगायला निमित्त होतं. अकरापैकी सात जणांनी सही केली. त्यातल्या दोघांनी सही करताना थोडे पैसेही दिले. दोघं घरी नव्हते. एकानं आधी फट दाखवली.

सागवानी दारवाल्यानं वही हातात घेतली, आकडा वाचला, आणि “चष्मा नाही जवळ, नंतर करतो” म्हणाला. बाबा त्याच्या दारात, स्वतःच बसवलेल्या चौकटीला टेकून, चष्मा येईपर्यंत उभे राहिले. किती वेळ, ते त्यांनी सांगितलं नाही. सही मात्र झाली. “पैसे दिवाळीले देतो म्हणे,” बाबा म्हणाले. मी त्यांना तेही तारखेसकट लिहून घ्यायला सांगितलं आहे.