डिअर आयलंडवरचं बायबल

ऑनसाइटसाठी बॉस्टनला गेलो तेव्हा विमान उतरताना खाली अंड्याच्या आकाराच्या प्रचंड टाक्या दिसल्या होत्या. डिअर आयलंड, सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प. आम्ही मित्रांनी त्यावर यथेच्छ विनोद केले. त्या जागेचा इतिहास पुढे कधीतरी वाचला आणि ओशाळलो.

गोष्ट आहे जॉन एलियटची. १६३१ साली इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला आलेला हा प्युरिटन पाद्री. इथल्या मूळ रहिवाशांना बायबल त्यांच्याच भाषेत द्यायचं, हा त्याचा ध्यास. भाषा अशी की लिपी नाही, कोश नाही, लिहिलेलं व्याकरण नाही. तरी १६६३ मध्ये अख्खं बायबल छापून झालं. तिथल्या ब्रिटिश वसाहतींत छापलेलं हे पहिलं बायबल, इंग्रजीच्याही आधीचं! आकाशाला 'केसुक', जमिनीला 'ओहके', पण देवाला मात्र इंग्रजीच 'गॉड'. या सगळ्याचं श्रेय एलियटने प्रार्थनेला आणि कष्टाला दिलं.

कष्ट कुणाचे म्हणाल, तर भाषा शिकवणारा कोकेनो, भाषांतराला मदत करणारा नेसुटन आणि खिळे जुळवणारा जेम्स प्रिंटर यांचेही. तिघेही तिथले मूळ रहिवासी. मुखपृष्ठावर नाव एलियटचं. (रिलीज झाल्यावर मेल कुणाच्या नावाने जाते, हे आपल्या धंद्यात वेगळं सांगायला नको!)

ख्रिस्ती झालेल्यांसाठी एलियटने वेगळी गावं वसवली. १६७४ पर्यंत अशी १४ 'प्रार्थनागावं' होती. नेटिक त्यातलं पहिलं.

१६७५ मध्ये मेटाकॉमच्या नेतृत्वाखाली इंग्रजांविरुद्ध युद्ध पेटलं, आणि शेजारच्या गोऱ्या ख्रिस्त्यांना प्रार्थनागावातले लोकही शत्रू वाटू लागले. ऑक्टोबरमध्ये नेटिककरांना उचलून डिअर आयलंडवर टाकलं. बायका, पोरं, म्हातारे, सगळे. देव तोच, बायबल तेच, पण कातडीचा रंग वेगळा. एलियटने विरोध केला, त्याचं कोण ऐकतो? पुरेसं अन्न नाही, निवारा नाही, आणि वर तिथला हिवाळा (मी एकच काढला, तोही हीटरजवळ). कितीतरी माणसं मेली. नेसुटन तर इंग्रजांच्या बाजूने लढताना मारला गेला. बायबलच्या प्रतीही युद्धात नष्ट झाल्या. १६८५ ची दुसरी आवृत्ती छापायलाही जेम्स प्रिंटरच होता.

पुढे ती भाषा बोलणारंच कुणी उरलं नाही.

असो, गोष्ट इथे संपत नाही. १९९३ च्या सुमारास वाम्पानोआग जमातीतल्या जेसी लिटल डो बेअर्ड यांना स्वप्नात माणसं दिसू लागली. बोलत होती, पण कळत काही नव्हतं. ती आपल्याच पूर्वजांची भाषा, हे नंतर उमगलं. त्या थेट एमआयटीत गेल्या आणि केन हेल या भाषाशास्त्रज्ञाबरोबर कामाला लागल्या. हाताशी काय? एलियटचं बायबल आणि ती अक्षरं शिकून वाम्पानोआगांनी स्वतः लिहिलेली मृत्युपत्रं, जमिनीची खतं, अर्ज. बायबलचा मजकूर इंग्रजीत ठाऊक होताच, त्यामुळे ओळीला ओळ लावून व्याकरण उलगडता आलं. शुद्ध रिव्हर्स इंजिनिअरिंग!

बेअर्ड यांनी घरात लेकीशी याच भाषेत बोलायचं ठरवलं. शंभराहून अधिक वर्षांनी ही मातृभाषा असलेलं ते पहिलं मूल.