पाठ टेकलीच नाही, मग हरला कसा?

सातारा-सांगलीकडच्या कुस्तीच्या मैदानात एक प्रश्न हमखास कानावर येतो. विचारणारा पैलवान नसतो. देवाला नारळ फोडून, पोराला खांद्यावर घेऊन तो फडाच्या कडेला येऊन उभा राहिलेला असतो. पंच एकाचा हात वर करतात आणि हा शेजारच्याला विचारतो, "अवो, त्येची पाठ तर टेकलीच न्हाई, मग ह्यो हरला कसा?" शेजारचा जाणकार असला तर सांगतो, "पॉइंटवर गेली." एवढ्यानं त्याचं समाधान होत नाही. वर्ल्डकपच्या रात्री फुटबॉल बघायला बसलेला माणूस ऑफसाइडवर असाच अडतो: चेंडू जाळ्यात गेला, मग गोल का नाही? अशा माणसाला आपण अडाणी समजतो. निदान कुस्तीत तरी तो अडाणी नाही. त्याच्या तोंडून कुस्तीचा मूळ नियम बोलतो आहे.

तो नियम भाषेतच मुरलेला आहे. चीत म्हणजे उताणा. चितपट केलं म्हणजे पाठीवर पाडलं. त्याहून बोलका शब्द म्हणजे आसमान दाखवणं. दोन्ही खांदे मातीला लागले की माणसाचे डोळे आभाळाकडे वळतात, आणि ज्याला आभाळ दिसलं तो हरला. या नियमाला पुस्तक लागत नव्हतं. पंच फडातलेच जुने वस्ताद असत, पण खरा निवाडा चहूबाजूंनी बसलेल्या हजारो डोळ्यांपुढं व्हायचा. पाठीला लागलेली लाल माती हाच पुरावा. निकाल लागला तर निकाली, नाही तर बरोबरीत सोडवली. बरोबरी मान्य असणं हा या पद्धतीचा मोठेपणा होता. तिची उणीवही तीच होती: दोन तोलामोलाचे मल्ल तासभर खडाखडी करत राहायचे आणि इनाम वाटून घ्यायचे.

गुण आले ते दुसऱ्या वाटेनं. ऑलिंपिकमधली फ्रीस्टाइल कुस्ती इंग्लंडातल्या लँकेशायरच्या ‘कॅच-अॅज-कॅच-कॅन’ या प्रकारातून वाढली आणि 1904 साली ऑलिंपिकमध्ये आली. तिथंही खांदे टेकवणं हाच शेवटचा शब्द होता आणि आजही आहे. पण स्पर्धा म्हटली की पुढच्या फेरीत कोण जाणार हे ठरवावंच लागतं. तिथं बरोबरी चालत नाही. पाठ लागली नाही तर कोण सरस, हे कुणीतरी सांगायला हवं. त्या गरजेतून आधी पंचांची मतं आणि मग गुण, अशी ही कुळी वाढत गेली.

आपल्या मुलखाची आणि या परक्या नियमाची खरी गाठ घालून दिली ती कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी. 1948 साली ते लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटवरच्या कुस्तीची आणि तिच्या नियमांची त्यांना सवय नव्हती. मातीत घडलेला हा मल्ल तरीही सहावा आला. पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड व्हायची होती, आणि मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला गेला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. एक गुण! मातीच्या हिशेबात ज्याला वजनच नाही अशा एका आकड्यावर ऑलिंपिक अडलं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा चाचणी झाली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केलं. गुणांचा वाद त्यांनी गुणांनी सोडवला नाही, आसमान दाखवून सोडवला.

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी 7000 रुपये उभे केले. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती झाली आणि लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मामादबेयोवसमोर उभं राहायला सांगण्यात आलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान 30 मिनिटांची विश्रांती हा नियम होता. पण तो नियम पुढं करून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले. 1952 चं ते कांस्यपदक स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरलं, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण मला राहून राहून वाटतं, एका गोळेश्वरकरानं नियमाची दोन्ही रूपं एकाच वर्षात भोगली: मद्रासला आकडा त्याच्या विरुद्ध गेला आणि हेलसिंकीत कागदावरचा नियम त्याच्या कामी आला नाही.

1961 साली महाराष्ट्र केसरीची सुरुवात झाली आणि पहिली गदा सांगलीच्या दिनकर दह्यारींनी उचलली. कवठेपिरानच्या मारुती मानेंनी 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य आणलं. मातीतला गडी नवा नियम शिकू शकतो, हे या मुलखानं दाखवलं. प्रेक्षकाला मात्र तो नियम कुणी बसून शिकवला नाही.

आणि नियम तरी एका जागी कुठं राहिले? 2013 पर्यंत कुस्तीचे तीन डाव असत आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा. एकूण जास्त गुण मिळवणाराही त्यामुळं हरू शके. डाव कोरा राहिला तर पंच पिशवीतून रंगीत चेंडू काढत. ज्याच्या रंगाचा चेंडू निघाला त्याच्या हाती प्रतिस्पर्ध्याचा पाय आयता दिला जाई. वर्षानुवर्षांची मेहनत आणि शेवटी सोडत! फुटबॉलनंही हे केलं होतं. 1968 च्या युरोपीय स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघाचा उपांत्य सामना नाणं उडवून ठरला. अशा सोडतींची टोचणी लागली आणि 1970 साली पेनल्टी शूटआउट नियमात आलं. कुस्तीला जाग यायला फार मोठा धक्का लागला. फेब्रुवारी 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानं कुस्ती वगळण्याची शिफारस केली. बघणाऱ्याला खेळ कळत नाही, ही मोठी तक्रार होती. काही महिन्यांत नियम बदलले. 3-3 मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुणांची सलग बेरीज, ताबा घेतल्याचे 2 गुण. सोडत गेली. सप्टेंबरमध्ये कुस्ती ऑलिंपिकमध्ये परतली. म्हणजे ‘हरला कसा?’ या साध्या प्रश्नानं जगाची नियमावली बदलली.

नवे नियम बरे आहेत, असं माझं मत आहे. एप्रिल 2022 मध्ये साताऱ्याच्या शाहू संकुलात महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज पाटीलनं विशाल बनकरवर पिछाडी भरून काढत 5-4 अशी मात केली, तेव्हा पाठ न टेकताही अख्खं मैदान उसळलं. पण वाद संपलेले नाहीत. 2023 साली पुण्यात याच स्पर्धेत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत महेंद्रच्या बाहेरच्या टांगेच्या डावाला 4 गुण मिळाले. सिकंदर खरोखर धोक्याच्या स्थितीत गेला होता का, म्हणजे त्याची पाठ मॅटकडे पुरेशी वळली होती का, यावर महाराष्ट्र कित्येक दिवस भांडला. 2025 साली अहिल्यानगरला तर चक्क चितपटीवरच वाद झाला. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते असं म्हणत शिवराज राक्षेनं पंचांना लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर पाय उचलणं याला माफी नाही. परंतु भांडण कशावरून झालं ते पाहा: आसमान दिसलं की नाही?

मातीच्या फडात हा प्रश्न हजारो डोळे सोडवत असत. आता कॅमेरा आहे, प्रशिक्षकाला चॅलेंजचा हक्क आहे, पंच पुन्हा चित्रण पाहतात. मग तेच चित्रण मैदानातल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दाखवावं, आणि गुण का दिला हे निवेदकानं एका वाक्यात मराठीत सांगावं. आपल्याकडचे कुस्ती निवेदक डावाचं नाव, तालमीचं नाव, वस्तादाचं नाव घडाघडा सांगतात. गुणाचं कारण सांगणं त्यांना जड नाही. पुसेगावच्या, कुंडलच्या मैदानापासून याची सुरुवात करता येईल. यात्रा कमिट्यांनो, येत्या हंगामात एवढं कराच.