कला शिक्षणात मास्टर्स करायचंय? भारतात ही वाट नेमकी कुठे आहे

शाळेत खेळ शिकवणाऱ्या शिक्षकाला पुढे शिकायचं असेल, तर त्याच्यासमोर सरळ शिडी आहे. डी.पी.एड., मग बी.पी.एड., मग एम.पी.एड. त्याच शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या शिक्षकासमोर अशी शिडी नाही. राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या २०१४ च्या नियमावलीत शारीरिक शिक्षणासाठी पदविका, पदवी आणि पदव्युत्तर पदवी अशा तिन्ही पायऱ्या आहेत. दृश्यकलेच्या शिक्षकासाठी मात्र एकच पायरी आहे, दोन वर्षांची पदविका. नृत्य-नाट्य-संगीतासाठी तशीच दुसरी पदविका. तिथे शिडी संपते.

त्यामुळे 'आर्ट एज्युकेशनमध्ये मास्टर्स कुठे करता येईल?' या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये ही स्वतंत्र, जुनी ज्ञानशाखा आहे. भारतात ती बहुतेकांना वेगवेगळे तुकडे जोडून स्वतःच उभी करावी लागते. कोणता तुकडा कशासाठी उपयोगी पडतो, हे प्रवेश घेण्याआधी कळलं तर दोन वर्षं आणि फी, दोन्ही वाचतात.

कला शिक्षण म्हणजे चित्रकला नाही

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एम.एफ.ए. पेंटिंग करणारा विद्यार्थी स्वतःचं काम घडवतो. एम.एड. करणारा शिक्षणाचं तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, मूल्यमापन शिकतो. कला शिक्षणाचा अभ्यास या दोन्हींच्या मधे बसतो. मूल चित्र का काढतं, कोणत्या वयात कसं काढतं, आणि मोठ्यांनी त्यात कधी व किती हात घालावा, हे त्याचे मुख्य प्रश्न.

उदाहरण घरातलंच घेऊ. दोन त्रिकोणी डोंगर, मधे उगवता सूर्य, खाली वळणाची नदी, काठावर कौलारू घर, बाजूला नारळाचं झाड आणि आकाशात इंग्रजी 'एम'सारखे पक्षी. महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक मुलाने हे चित्र एकदा तरी काढलेलं असतं, मग त्याने नदीकाठचं घर पाहिलेलं असो वा नसो. हे चित्र मुलाच्या वाढीचा नैसर्गिक टप्पा आहे की शेजारच्या वहीतून आणि पाठच्या वर्गांतून उतरलेली नक्कल? की दोन्ही?

व्हिक्टर लोवेनफेल्ड यांच्या १९४७ च्या 'क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ' या पुस्तकात याचा एक पाया सापडतो. ऑस्ट्रियात जन्मलेले लोवेनफेल्ड व्हिएन्नात अंध मुलांसोबत काम करत होते. पुढे ते अमेरिकेत गेले आणि पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात त्यांनी कला शिक्षणाचा विभाग नावारूपाला आणला. त्यांच्या मांडणीनुसार साधारण दोन ते चार वर्षांचं मूल गिरगोट्या मारतं. चार ते सातमध्ये डोकं आणि पाय असलेली माणसं येतात. सात ते नऊमध्ये मुलाची प्रत्येक गोष्टीसाठी एक ठरलेली आकृती तयार होते. कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते, वर आकाशाची पट्टी येते, घराच्या भिंतीआडची माणसंही दिसू लागतात. नऊ ते बारामध्ये त्याला खऱ्यासारखं काढावंसं वाटतं, आणि ते जमत नाही हेही त्यालाच आधी कळतं. 'मला चित्रकला येत नाही' हे वाक्य बहुतेकांच्या आयुष्यात याच सुमाराला येतं.

या टप्प्यांवर नंतर टीकाही झाली. सगळ्या संस्कृतींतली मुलं एकाच जिन्याने चढतात का, हा तिचा मुख्य मुद्दा. पण महाराष्ट्रात हा वाद फक्त पुस्तकी नाही. मूल चित्रापासून दूर जाऊ लागतं त्याच वयाच्या आसपास आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा येतात. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे विषय असतात, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला ३, ५ किंवा ७ वाढीव गुण मिळतात. या परीक्षांनी हजारो मुलांना शिस्तीत बघायला शिकवलं, हे खरं. त्यांनी वर्गातली चित्रकला एका साच्यात बसवली, असंही अनेक कला शिक्षक म्हणतात. दोन्हींपैकी किती खरं, हे मोजून पाहणं हा कला शिक्षणातल्या मास्टर्सचा अस्सल विषय आहे. असे विषय इथे ढिगाने पडून आहेत.

महाराष्ट्राची जुनी शिडी

कला शिक्षक घडवण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं आणि शाळांसाठी ड्रॉइंग मास्तर तयार करणं हे त्याच्या कामाचा मोठा भाग बनलं. १९६५ मध्ये स्वतंत्र कला संचालनालय आलं. कला शिक्षक पदविका, म्हणजे ए.टी.डी., ही आजही राज्यातल्या चित्रकला शिक्षकाची मूळ ओळख आहे. तिच्यापुढे डिप्लोमा इन आर्ट एज्युकेशन आणि ए.एम. म्हणजे आर्ट मास्टर.

या 'मास्टर'ने अनेकांना फसवलं आहे. आर्ट मास्टर ही विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी नव्हे. तिची परंपरा ड्रॉइंग मास्तरांच्या काळातली, पदविकांच्या रांगेतली आहे. शाळेत तिला मान असतो. पण पीएच.डी.च्या किंवा नेटच्या अर्जात 'पदव्युत्तर पदवी' या रकान्यात ती लिहून चालत नाही.

जे. जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. त्यामुळे अभ्यासक्रम ठरवण्याचं स्वातंत्र्य आता संस्थेकडे आहे. कला शिक्षक घडवण्याचा इतका जुना अनुभव गाठीशी असलेल्या संस्थेकडून कला शिक्षणाच्या पूर्ण मास्टर्सची अपेक्षा करणं अवाजवी ठरू नये.

राज्यात दुसरी एक परंपराही होती, आणि तिच्याबद्दल फारच कमी बोललं जातं. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली. तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे डॉ. झाकीर हुसेन. पुढे शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार देवी प्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले आणि जवळपास दोन दशकं त्यांनी तिथल्या मुलांना कला शिकवली. त्या अनुभवावर त्यांनी हिंदीत 'शिक्षा का वाहन : कला' हे पुस्तक लिहिलं. कला हा शाळेतला एक तास नसून सगळं शिकण्याचं माध्यम आहे, हा त्याचा गाभा. आज 'कला-एकात्मिक अध्ययन' या नावाने जे शिक्षकांना प्रशिक्षणात सांगितलं जातं, ते वर्ध्याजवळ सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी करून पाहिलं गेलं होतं.

आज कुठे शिकता येतं?

कला शिक्षण याच नावाची पदव्युत्तर पदवी भारतात दुर्मीळ आहे. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाच्या ललित कला विद्याशाखेत कला शिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे एम.एफ.ए. आर्ट एज्युकेशन करता येतं. प्रवेशासाठी कलेची पार्श्वभूमी लागते. ज्याला स्टुडिओतलं काम सोडायचं नाही आणि शिकवण्याचा विचारही करायचा आहे, त्याच्यासाठी हा सर्वांत थेट रस्ता.

दुसरा रस्ता शिक्षणशास्त्राकडून येतो. मुंबईस्थित टाटा समाजविज्ञान संस्था म्हणजे टिस, किंवा बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ इथे एम.ए. एज्युकेशन आहे. इथे चित्रकार असण्याची अट नसते. अभ्यासक्रमरचना, बालविकास, शिक्षणाचं समाजशास्त्र यांचा पाया पक्का होतो आणि प्रबंधासाठी कलेशी संबंधित विषय निवडता येतो. स्टुडिओ मात्र मिळत नाही. स्वयंसेवी संस्था, अभ्यासक्रम विकास, संग्रहालयांचे शैक्षणिक उपक्रम अशा कामांकडे जाणाऱ्यांना हा रस्ता जास्त जवळचा.

तिसरा म्हणजे एम.एड. दोन वर्षांचा. त्याआधी बी.एड. किंवा समकक्ष अर्हता लागते, त्यामुळे फक्त ए.टी.डी. असलेल्या शिक्षकाला तो थेट करता येत नाही. बी.एफ.ए. झालेल्यांनीही आपली पदवी त्या विद्यापीठाच्या बी.एड. प्रवेशाला चालते का आणि अध्यापनाचा कोणता विषय मिळेल, हे लेखी विचारून घ्यावं. तोंडी उत्तरावर वर्ष घालवू नये.

नोकरीत याचा उपयोग काय?

कला शिक्षणाची कागदावरची प्रतिष्ठा आणि प्रत्यक्षातली पदं यांत अंतर आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कलेला 'अवांतर' म्हणणं थांबवायला सांगितलं. शालेय शिक्षणाच्या २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कला शिक्षणाला स्वतंत्र विषयक्षेत्राचं स्थान आहे. एनसीईआरटीने सहावीसाठी 'कृती' हे कलेचं पाठ्यपुस्तकही काढलं. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, तेही शंभरहून जास्त मुलं असलेल्या शाळेत, कला शिक्षणाला 'अंशकालीन निदेशक' एवढीच तरतूद आहे. पुस्तक पूर्णवेळ आणि शिक्षक अर्धवेळ, अशी ही व्यवस्था.

त्यामुळे शाळेत शिकवत असलेल्या शिक्षकाने मास्टर्सचा विचार करताना पगारवाढ गृहीत धरू नये. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांत पदांच्या अर्हता आणि ज्येष्ठता १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीने ठरतात. आपल्या पदासाठी त्यात कोणती अर्हता मोजली जाते, ते आधी पाहावं आणि शाळेकडून किंवा शिक्षणाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्यावं.

खरी संधी एक पायरी वर आहे. बी.एड.च्या अभ्यासक्रम आराखड्यात 'नाट्य आणि कला शिक्षणात' हा घटक आहे, आणि एनसीटीईच्या निकषांनुसार बी.एड. महाविद्यालयात दृश्यकलेसाठी प्राध्यापकपद असतं. पण त्याची अर्हता ललित कलेतली पदव्युत्तर पदवी अशी लिहिलेली आहे. म्हणजे शिक्षक घडवायला शिकलेला एम.ए. एज्युकेशनवाला तिथे अपात्र ठरू शकतो, आणि वर्गात कधी न शिकवलेला एम.एफ.ए. पेंटिंगवाला पात्र. जामियाचं एम.एफ.ए. या दोन्ही बाजू सांभाळतं, हा त्याचा मोठा फायदा.

नेटचीही तीच गत. यूजीसी नेटमध्ये 'शिक्षण' हा विषय आहे, 'दृश्यकला' आहे. 'कला शिक्षण' नाही. दोन्हींपैकी एक निवडावाच लागतो, आणि पुढची नोकरी बरीचशी त्या निवडीवर ठरते.

परदेशी जायचं असेल तर

अमेरिकेत नावं नीट वाचावी लागतात. मास्टर ऑफ आर्ट्स इन टीचिंग म्हणजे एम.ए.टी. हा साधारणपणे तिथल्या सरकारी शाळेत शिकवण्याच्या परवान्याकडे नेतो. एम.ए. आर्ट एज्युकेशन हा बहुधा संशोधन, संग्रहालय, समाजातलं काम यांकडे. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटचं स्कूल हे दोन्ही प्रकार वेगवेगळे चालवत आलं आहे. न्यूयॉर्कचं टीचर्स कॉलेज हे या विषयातलं जुनं घर. लंडनमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या शिक्षण संस्थेत कला शिक्षणाचं एम.ए. आहे.

भारतात परतायचं असेल तर परवान्याच्या एम.ए.टी.वर जास्त पैसे घालण्यात फारसा अर्थ नाही. तो परवाना त्या-त्या राज्याचा असतो. नाशिकच्या किंवा मडगावच्या शाळेत त्याला किंमत नाही. शिवाय परदेशी पदवीला इथे समकक्षता प्रमाणपत्र लागतं. प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी स्वतःच्या कामाचा पोर्टफोलिओ आणि शिकवण्यामागच्या विचाराचं टिपण मागतात. इथे नुकत्याच पदवीधर झालेल्यापेक्षा वर्गात चार-पाच वर्षं काढलेला शिक्षक सरस ठरू शकतो, कारण त्याच्याकडे मुलांची चित्रं असतात. ती तारीख, इयत्ता आणि कोणत्या सूचनेवर काढली या नोंदींसह जपून ठेवलेली असतील, तर अर्धा प्रबंध आधीच तयार असतो. फक्त चित्रांवरची मुलांची नावं झाकायची आणि पालकांची परवानगी घ्यायची.

प्रवेश कुठेही घ्या, फॉर्म भरण्याआधी अभ्यासक्रमपत्रिकेत दोन गोष्टी शोधाव्यात. शाळेत प्रत्यक्ष किती आठवडे जावं लागतं, आणि प्रबंधाला किती श्रेयांक आहेत. दोन्ही ठिकाणी आकडा नगण्य असेल, तर नाव काहीही असो, ते कला शिक्षणाचं मास्टर्स नाही.