मेलेले जंतू आणि उतरलेलं मन

“डॉक्टर, ताप गेला, पण कशातच मन लागत नाही.” भातलावणीच्या दिवसांत वेल्ह्याकडून येणारे पेशंट असं हमखास सांगतात. वर घरचे म्हणतात, आळस आहे. तो आळस नसतो. हे कळायला तुम्हाला १८९७ सालात नेतो.

मुंबईत प्लेग होता, पुण्यातही पोचला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शास्त्रज्ञ हाफकीन लस बनवत होते. मांसरसात जंतू वाढवायचे (वर चक्क तुपाचे थेंब सोडायचे!) आणि मग ते उष्णतेने मारायचे. १० जानेवारीला त्यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं. आता बघा, जंतू तर मेलेले होते. मग आजारी कोणी पाडलं? शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराने. त्यालाच आपण दाह म्हणतो.

प्रतिकार करणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. त्यांचा निरोप रक्तातून आणि व्हेगस नावाच्या नसेतून मेंदूला पोचतो. मेंदू मग भूक, उत्साह, बोलण्याची इच्छा सगळंच कमी करतो. १९८८ मध्ये बेंजामिन हार्ट या अमेरिकेतल्या पशुवैद्यकाने मांडलं की आजारी जनावराचं हे वागणं म्हणजे दुबळेपणा नाही, ताकद वाचवायची युक्ती आहे. गाय रवंथ करायची थांबली की आपला शेतकरी सावध होतो, पण घरातल्या माणसाला मात्र आपण आळशी ठरवतो!

पुढे संशोधकांनी निरोगी लोकांना टायफॉइडची लस दिली, तर काही तासांत त्यांचं मन थोडं खाली गेलं. काविळीच्या ‘सी’ विषाणूवर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. ते औषध म्हणजे एक सायटोकाइनच, आणि ते घेणाऱ्या बऱ्याच जणांना खरंखुरं नैराश्य यायचं.

म्हणून प्रत्येक नैराश्य दाहामुळेच येतं असं समजू नका, आणि उदास वाटतं म्हणून मेडिकलमधून सूज उतरवणाऱ्या गोळ्या तर मुळीच आणू नका. तापानंतरची मरगळ बहुतेकांची हळूहळू जाते. दोन आठवडे झाले तरी मन उठत नसेल तर दाखवायला या.

म्हातारी माणसं मात्र वेगळी. त्यांचा मेंदू दाहाने लवकर डगमगतो. तापात माणूस बरळू लागला की आपल्याकडे ‘वात झाला’ म्हणत. पण वयस्कर माणसाला कधीकधी ताप दिसतच नाही, नुसतं बरळणं दिसतं. काल ओळखत होती ती आजी आज सुनेला ओळखत नसेल, तर वय झालं म्हणून सोडू नका, अंगारा लावून थांबू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी घेऊन या.