मिठाच्या दुकानातली पोथी

ताई ची म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? पहाटेची बाग, सैल कपड्यांतली ज्येष्ठ मंडळी आणि पाण्याखाली चालल्यासारख्या त्यांच्या संथ हालचाली. रक्तदाब, गुडघे, मनःशांती. पण पूर्ण नाव आहे ताईचीछुआन, आणि त्यातल्या 'छुआन'चा अर्थ मूठ. म्हणजे ही मुळात मारामारीची विद्या. शेपटीचा शब्द आपण गाळला आणि त्याबरोबर विद्येचा अर्धा भागही गेला. हा गेलेला अर्धा भाग शोधायचा तर बागेत जाऊन उपयोग नाही, जुन्या पुस्तकांकडे जावे लागते. आणि या पुस्तकांच्या जन्मकथा अशा आहेत की माझ्यासारखा कागदांत आयुष्य काढणारा माणूस त्यांत हमखास अडकतो.

पहिली कथा पोथीची. चीनच्या हपेई प्रांतातल्या युंगन्येन गावचा यांग लूछान (१७९९-१८७२) हनान प्रांतातल्या चेनच्याकौ या खेड्यात चेन घराण्याकडे ही विद्या शिकला आणि पुढे पेकिंगला जाऊन नावारूपास आला. त्याच्याच गावचा वू युश्यांग हा सुशिक्षित, खात्यापित्या घरचा. त्याचा भाऊ हनानमध्ये वूयांग येथे दंडाधिकारी होता. १८५० च्या दशकात या भावाला तिथल्या एका मिठाच्या दुकानात वांग त्सुंगयुए नावाच्या कोणा आचार्याचा ताई चीवरचा लेख सापडला, असे सांगतात. आज ज्यांना ताई चीचे 'अभिजात ग्रंथ' म्हणतात त्यांचा गाभा हाच. वू युश्यांगचा भाचा ली यीयू याने १८८१ च्या सुमारास त्याच्या हस्तलिखित प्रती केल्या आणि त्यातून तो पसरला.

आता माझ्या कारकुनी मनाला इथे पाल चुकचुकते. कपाटामागे अचानक सापडलेला, आवक क्रमांक नसलेला कागद नेमका ज्याला हवा होता त्याच्याच हाती लागला, तर आपण त्यावर लगेच सही करत नाही. डग्लस वाइल या अमेरिकन अभ्यासकाने १९९६ साली वू आणि ली घराण्यांच्या हस्तलिखितांवर एक मोठे पुस्तक लिहून हा सगळा दस्तऐवज नीट तपासला. ताई चीचा इतिहास वाचायचा असेल तर मी पहिले नाव त्याचेच घेईन. कवायतीचे एकही चित्र न पाहता हे पुस्तक वाचता येते, आणि वाचून झाल्यावर कोणत्याही गुरूच्या प्रस्तावनेवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

वाइलच्या आधी हे काम एका चिनी वकिलाने केले होते, थांग हाव याने. त्या काळी सर्वमान्य समजूत अशी की ताई ची हे चांग सानफंग या ताओपंथी सिद्धपुरुषाने निर्मिले, आणि शाओलिनची विद्या आपल्याकडून गेलेल्या बोधिधर्माने. थांग हावने १९३० मध्ये पुस्तक लिहून या दोन्ही कथांना पुरावा नाही असे सांगितले. बोधिधर्माच्या बाबतीत आपल्यालाही जरा वाईट वाटते, पण काय करणार! पुढे तो स्वतः चेनच्याकौला गेला, घराण्याच्या नोंदी पाहिल्या आणि सतराव्या शतकातल्या चेन वांगथिंग या लष्करी माणसापर्यंत मूळ नेऊन भिडवले. त्याचा दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मिंग सेनापती छी चीग्वांग याने किनाऱ्यावरच्या वोकौ चाच्यांशी लढताना १५६० च्या सुमारास सैन्यशिक्षणाचा ग्रंथ लिहिला, त्यात हातघाईचे ३२ पवित्रे चित्रांसह दिले आहेत. त्यांतले २९ चेन घराण्याच्या संचांत उतरले असे थांग हावचे म्हणणे. म्हणजे 'कोमल' विद्येच्या मुळाशी सिद्धपुरुषाचे स्वप्न नव्हे, शिपायांची कवायत! त्याच्या सगळ्या निष्कर्षांना पुढच्या विद्वानांनी मान डोलावली नाही, पण कागद मागण्याची सवय त्याने लावली.

चेन घराण्यातलेच चेन शिन (१८४९-१९२९). त्यांनी १९०८ ते १९१९ अशी बारा वर्षे खपून घराण्याच्या विद्येचा सचित्र ग्रंथ लिहिला. रेशमाच्या कोशातून धागा ओढताना तो जसा एका लयीत, तुटू न देता, पीळ घेत निघतो तशी शक्ती अंगभर फिरवायची, ही या ग्रंथाची मध्यवर्ती कल्पना. पण ती यीचिंगच्या रेषाकृती आणि देहातल्या नाड्यांच्या वर्णनांत अशी गुरफटली आहे की वाचणाऱ्याचाच कोश होतो. म्हातारपणी त्यांनी हस्तलिखित पुतण्याच्या हाती दिले. ग्रंथ छापून आला १९३३ साली, लेखक गेल्यावर चार वर्षांनी.

यांग घराण्याची तऱ्हा वेगळी. यांग लूछानचा नातू यांग छंगफू याच्या नावावर दोन पुस्तके आहेत आणि त्यांची तुलना हाच या लेखाचा खरा विषय. पहिले १९३१ चे. नावातच 'प्रत्यक्ष वापराच्या पद्धती' असे शब्द. समोरचा असा ठोसा मारतो, तुम्ही हात असा लावा, त्याचे वजन असे घ्या, असे सरळ सांगितले आहे. छायाचित्रांत यांगसमोर जोडीदारही उभा आहे. भाषा तालमीतली, बोलीतली. पुस्तक निघाले आणि थोड्याच काळात ते मागे घेतले गेले. उरलेल्या प्रती जाळल्या असेही सांगतात. मग १९३४ मध्ये दुसरे आले, चंग मानछिंग या कवी, चित्रकार आणि वैद्य असलेल्या शिष्याच्या लेखणीतून. भाषा शिष्ट, वळणदार. वापर त्यातही सांगितला आहे, पण इस्त्री करून.

गुरूला आपले खडबडीत शब्द छापलेले पाहून लाज वाटली असेल का? शहरातले शिष्य पदवीधर आणि सावकार, त्यांना 'मार असा दे' हे वाक्य ग्रंथात शोभत नसेल. मला मात्र १९३१ चे पुस्तकच जवळचे वाटते. लढाऊ कला म्हणून ताई ची समजून घ्यायची असेल तर शोभेच्या गद्यापेक्षा तालमीतले वाक्य उपयोगाचे.

आणखी एक कथा सांगायलाच हवी. चेन यानलिन नावाच्या शिष्याने १९४३ मध्ये एक जाडजूड पुस्तक काढले. त्यात तलवार, भाला आणि दोघांनी मिळून करायचा ८८ चालींचा लढतीचा संच आहे. गोष्ट अशी सांगतात की त्याने यांग घराण्याचे खाजगी बाड वाचायला म्हणून थोड्या वेळासाठी मागून घेतले आणि भाड्याने लेखनिक बसवून रातोरात नकलून काढले. खरेखोटे देव जाणे, पण लेखनिकांना इतिहासात एवढे महत्त्वाचे काम क्वचितच मिळते.

हे सगळे छापले जात होते तेव्हा काळ कोणता होता? १९२८ मध्ये नानकिंगला सरकारी राष्ट्रीय युद्धकला संस्था निघाली होती आणि दुबळेपणाचा डाग पुसायचा तर गुप्त विद्या छापून सर्वांना द्यायला हव्यात हा विचार जोरात होता. आपल्याकडेही त्याच दशकात बडोद्याहून मुजुमदारांचा मराठी व्यायाम ज्ञानकोश निघू लागला, आखाड्यातले ज्ञान खंडांत बांधू लागला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू तिथे खेळ दाखवायला गेला, आणि चीनचा वूशूचा चमूही. दोघांनी एकमेकांचे खेळ पाहिले असतील तर काय बोलले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पुढे १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने २४ हालचालींचा सोपा संच बांधला. तोच जगभर गेला. चंग मानछिंगने ३७ आकृत्यांचा आपला लहान संच तैवानला आणि मग न्यूयॉर्कला नेला. रॉबर्ट स्मिथबरोबरचे त्याचे इंग्रजी पुस्तक १९६७ चे, आणि अनेकांची सुरुवात त्यावरूनच झाली. ते वाईट नाही. पण त्यातला 'ढकलहात', म्हणजे दोघांनी मनगटाला मनगट लावून एकमेकांचा तोल शोधणे, हे प्रकरण आधी वाचावे. समोरच्याचा जोर अडवायचा नाही, त्याला वाट द्यायची आणि तो पुढे झुकला की त्याच झुकण्यावर त्याला पाडायचे, हे तिथे कळते. एकट्याने बागेत केलेल्या संथ हालचाली कशाच्या तयारीसाठी होत्या तेही. चेन वेइमिंगचे १९२९ चे प्रश्नोत्तरांचे छोटे पुस्तक त्याला जोडून वाचावे; शिकणाऱ्याच्या मनात येणाऱ्या शंका त्यात आहेत, आणि उत्तरे आखूड आहेत.

त्यानंतर १९३१ चे पुस्तक मिळाले तर सोडू नये. त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आहेत. जाळलेल्या पुस्तकाचे असेच होते, कोणाच्या तरी कपाटात एक प्रत राहून जाते.