आजाऱ्याच्या खाटेवरचा डबा

जेवणाऐवजी प्यायची पावडर घेतली तर पैसे वसूल होतात का, असं कोणी काउंटरवर विचारलं की मी उलट विचारतो, "जेवण जात नाही का तुम्हाला?" बहुतेकांना चांगलं जातं. मग मी म्हणतो, राहू द्या. धंद्याच्या दृष्टीनं हे बोलणं वेडेपणाचं आहे, कारण या डब्यांवर सुटणारं मार्जिन तापाच्या गोळीच्या पाकिटावर कधी सुटत नाही. पण आमचं मेडिकल मिरजेत, दवाखान्यांच्या रस्त्यावर. वॉन्लेस साहेबांनी १८९४ मध्ये इथं मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून हे गाव दुखण्यांवर जगतं. अथणी, रायबाग, जमखंडीपासून पेशंट येतात. डबा कुणाला लागतो आणि कुणाला नुसता घ्यावासा वाटतो, हे वडिलांच्या वेळेपासून या काउंटरवरून दिसत आलं आहे.

या डब्यांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट दर वेळी सापडते. पावडर जन्मते ती आजाऱ्यासाठी किंवा तान्ह्या मुलासाठी. मग कंपनीच्या लक्षात येतं की आजारी माणसं थोडी, धडधाकट माणसं फार. डबा तोच, चमचाही तोच, बदलतो तो फक्त घेणारा. त्याला डब्याची गरज वाटावी म्हणून एखादं नवं दुखणं शोधावं लागतं, एवढंच.

सुरुवात युस्टुस फॉन लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञापासून धरावी. १८६५ च्या सुमारास त्यानं आईच्या दुधाला पर्याय म्हणून गव्हाचं पीठ, माल्ट, गाईचं दूध आणि पोटॅशियम बायकार्बोनेट यांचं मिश्रण सुचवलं. या कल्पनेवर पुढे कित्येक जणांनी धंदे उभे केले. त्यातले दोन भाऊ म्हणजे विल्यम आणि जेम्स हॉर्लिक. जेम्स औषधांतला माणूस, लंडनमध्ये बाळांचं सुकं अन्न करणाऱ्या कंपनीत काम केलेला. १८७३ मध्ये तो अमेरिकेत भावाकडे गेला, आणि विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावातून त्यांनी १८८३ मध्ये माल्टेड मिल्कचं पेटंट घेतलं. गंमत अशी की आधीच्या पावडरी दुधात कालवाव्या लागत आणि त्या काळी शहरातल्या दुधाचा भरवसा नसे. यांच्या पावडरीत दूध आधीच वाळवून घातलेलं, नुसतं गरम पाणी ओतलं की झालं. आजारी माणसाच्या घरात हा फरक मोठा होता.

पुढे माल पसरला. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमांवर डबे गेले. रिचर्ड बर्डनं अंटार्क्टिकातल्या एका डोंगररांगेला विल्यम हॉर्लिकचं नाव दिलं, कारण मोहिमेला त्याचे पैसे होते. अमेरिकेत औषधांच्या दुकानातच सोडा फाउंटन असत. तिथल्या पोरांनी हीच पावडर दुधात, सरबतात घुसळायला सुरुवात केली, आणि १९२२ मध्ये शिकागोच्या वॉलग्रीन्सच्या दुकानात कुणा कूलसननं त्यात आइस्क्रीम घातलं. आज जिमखाली विकला जातो तो शेक असा औषधाच्या दुकानातून बाहेर पडलेला आहे, तोही आइस्क्रीमचं बोट धरून. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात जाहिरातवाल्यांनी रात्रीच्या उपासमारीचा शोध लावला: तुम्ही झोपेत उपाशी राहता, म्हणून सकाळी थकलेले उठता, म्हणून झोपताना एक कप घ्या. असं दुखणं कुठल्या वैद्याच्या पुस्तकात नव्हतं, पण कप मात्र खपले.

आपल्याकडे पंजाबात नाभ्याला हॉर्लिक्सचा कारखाना निघाला तो १९६० च्या आसपास. आमच्या दुकानात काचेच्या बाटलीतली ती पावडर मुख्यतः टायफॉइडनंतर जायची. वडील सांगायचे, पेशंटला भेटायला जाताना मोसंबी न्यावीत की बाटली, हा प्रश्न ऐपतीवर सुटायचा. बाटली नेली की मान वाढे. पेशंट पिई अर्धी, उरलेली घरातली पोरं कोरडीच चमच्यानं संपवीत. रिकाम्या बाटलीत पुढे वर्षानुवर्षं मेतकूट नाहीतर लिंबाचं लोणचं. बाटलीचे पैसे वसूल झाले, याबद्दल मला शंका नाही.

कॉम्प्लानची कुळकथा तीच. ग्लॅक्सो मुळात न्यूझीलंडमधल्या दुधाच्या भुकटीची कंपनी, बाळं गुटगुटीत करण्याच्या जाहिरातीवर वाढलेली. १९५४ मध्ये तिनं ब्रिटनमध्ये कॉम्प्लान आणलं, ते ज्याला नीट जेवता येत नाही त्याला पुरं पोषण एका कपात मिळावं म्हणून. भारतात ते साठच्या दशकात आलं आणि काही वर्षांतच आजाऱ्याची खाट सोडून शाळकरी मुलांच्या दप्तराशेजारी जाऊन बसलं. २३ घटक, आणि वर उंची. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन येणारं गिऱ्हाईक कमी झालं, पोराला दाराच्या चौकटीशी उभं करून पेन्सिलीची रेघ मारणाऱ्या आया वाढल्या. माल्टवाल्यांनीही मग उंच, बळकट, हुशार अशी भाषा धरली. २००८ मध्ये त्यांची तशी एक जाहिरात चुकून ब्रिटनमधल्या एका नेपाळी वाहिनीवर दिसली, तर तिथल्या जाहिरात नियामकांनी पुरावा मागितला आणि ती बंद केली. आपल्याकडे ती सुखेनैव चालू होती. इथं २०२४ च्या एप्रिलमध्ये सरकारनं ऑनलाइन दुकानदारांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितली, कारण अन्नसुरक्षा कायद्यात असं सदरच नाही. डब्यावरचे शब्द बदलले. आतला माल तोच.

ज्याला आज मील रिप्लेसमेंट म्हणतात, त्याचा खरा आजोबा मात्र अमेरिकेतला मेट्रेकल. इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिलच्या मीड जॉन्सन कंपनीकडे आजाऱ्यांसाठी सस्टाजेन नावाची पावडर होती. १९५९ मध्ये त्याच धर्तीवर साय काढलेल्या दुधाची भुकटी, सोयाचं पीठ, साखर, तेल, जीवनसत्त्वं असं जमवून तिनं मेट्रेकल काढलं. दिवसाला चार वेळा, मिळून ९०० कॅलरी, बाकी काही खायचं नाही. इथं मला थांबावंसं वाटतं. वर सांगितलेले सगळे डबे जास्त पोषण विकत होते. हा डबा कमी खाणं विकत होता, आणि तेही जेवणापेक्षा जास्त पैसे घेऊन. आपल्याकडे एकादशीला हे फुकट मिळे. (खरं तर साबुदाण्यामुळे मिळत नसे, पण ते असो.) वजन उतरे, कारण ९०० कॅलरीत ते उतरणारच. डबा सुटला की परत चढे.

१९७० च्या दशकात हे प्रकरण जिवावर बेतलं. कातडी, हाडं अशा कत्तलखान्यातल्या मालातून काढलेलं प्रथिनाचं पातळ औषध पिऊन उपवास करायची टूम निघाली. त्यावरचं पुस्तक धो धो खपलं, आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली, त्यातल्या कित्येकांच्या हृदयाचा ठोका चुकून. ते प्रथिन निकृष्ट होतं आणि शरीराला लागणारे क्षार त्यात नव्हते. १९७७ मध्ये स्लिमफास्ट आलं ते जरा शहाणपणाचं: दोन वेळा शेक, एक वेळ साधं जेवण. त्यामुळे टिकलं.

मेट्रेकलच्याही आधी एक उलटा प्रयत्न झाला होता, त्याची आठवण कुणी काढत नाही. लॉस एंजेलिसच्या क्लिफर्ड क्लिंटन या खानावळवाल्यानं १९४४ मध्ये कॅलटेकच्या हेन्री बोरसुक यांना पाच हजार डॉलर दिले आणि गरिबाला परवडेल असं पूर्ण जेवण शोधायला सांगितलं. सोयाची ती भरड माणशी दोन औंस, तीन सेंटला एक जेवण. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेनं मग तेल काढलेल्या शेंगदाण्याचं पीठ आणि हरभऱ्याचं पीठ घेऊन त्याचा भारतीय अवतार केला. आमच्या फळीवर तो कधी आला नाही. तीन सेंटच्या मालावर कमिशन कोण देणार?

२०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा रॉब राइनहार्ट नावाचा तरुण म्हणाला, स्वयंपाक आणि जेवण यांत वेळ जातो, त्यापेक्षा सगळे घटक घुसळून पितो. त्याच्या सॉयलेंटला लोकांनी आगाऊ पैसे दिले, बाटल्या निघाल्या, ४०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनांच्या. इथं तर दुखणं जेवण हेच. आता पुण्याला आयटीत असलेली आमच्या आळीतली पोरं असल्या पावडरी मागतात. त्यांना मी हिशेब दाखवतो: शंभर ग्रॅम डाळ्यात वीसेक ग्रॅम प्रथिनं, शेंगदाण्यात पंचवीस, साय काढलेल्या दुधाच्या भुकटीत पस्तीस, माल्टच्या नेहमीच्या डब्यात दहाच्या आसपास, बाकी धान्य आणि साखर. आजीचं सातूचं पीठ गूळ घालून दुधात कालवायला दोन मिनिटं लागतात. ज्याला सकाळी सात सव्वीसची गाडी पकडायची आहे आणि जो नाहीतर वडापाव खाणार आहे, त्यानं शेक घ्यावा, माझी हरकत नाही. पण तो सोयीचे पैसे देतोय, पोषणाचे नाही.

डबा खरा लागतो तो तंबाखूनं जबडा गेलेल्यांना. ऑपरेशन झालेलं, नाकातून नळी. दर दोन-तीन तासांनी मोठ्या सिरिंजनं फीड सोडायचं. इथं सातूचं पीठ, नाचणीची पेज यांची प्रौढी चालत नाही. शिजलेलं पीठ गार झालं की आळतं आणि नळी चोंदते, मग परत दवाखाना. पावडर विरघळते, मापात बसते, एक मिलिलिटरला साधारण एक कॅलरी. पण हिशेब कुणी सांगत नाही: दिवसाला १५०० कॅलरी फक्त पावडरीतून द्यायच्या तर साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास लागते. म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा सव्वा दिवसही पुरत नाही, आणि त्याची किंमत मजुराच्या रोजाइतकी. नातेवाईक तो आठवडाभर पुरवतात. सहा चमच्यांच्या जागी एक. पाणी तेवढंच, नळीतून जाताना रंगही पांढराच दिसतो, आणि पेशंट भरल्या पोटी वाळत जातो.

म्हणून मी डबा देताना आधी विचारतो, रोज किती खर्च झेपेल. मग दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवतो. त्या बहुतेकांना दोन-तीन फीड पावडरीची, बाकी दूध, गाळलेलं वरण, तेल, साखर असं बांधून देतात. ते ठरलं की झाकणावर मार्करनं लिहितो: किती चमचे, किती पाणी, दिवसातून किती वेळा. खाली डबा संपायला हवा ती तारीख. त्या तारखेला कुणी नवा डबा न्यायला आलं नाही, तर मी फोन करतो.