नाव जुने, गाडी नवी

नागझिऱ्याच्या चोरखमारा फाटकापाशी पहाटे जिप्सींची रांग लागते. आम्ही मुलांना घेऊन जंगलातून परत आलो, तेव्हा या रांगेपासून दूर एका झाडाखाली एक लांबलचक काळी मोटार उभी होती. मागे ‘सुपर्ब’ अशी अक्षरे. वाघ न दिसल्याने हिरमुसलेल्या मुलांना वादाला नवा विषय मिळाला. एक म्हणाला, “ही गाडी १९३४ सालापासून आहे, मी वाचलंय.” दुसरा म्हणाला, “मग नव्वद वर्षांत पत्र्याला गंज कसा नाही?” वरवर पाहता दुसऱ्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा होता. पण एकच नाव लावले म्हणजे वस्तू एकच होते का, हाच प्रश्न त्याने विचारला होता.

आजच्या चेक प्रजासत्ताकातील म्लादा बोलेस्लाव या गावी लाउरिन नावाचा यंत्रकारागीर आणि क्लेमेंट नावाचा पुस्तकविक्रेता यांनी १८९५ साली सायकली बनवायला सुरुवात केली. १९०५ मध्ये त्यांची पहिली मोटार निघाली. १९२५ साली पिल्झेनच्या स्कोडा कारखान्यात त्यांची कंपनी विलीन झाली. तोवर गाड्यांना बहुधा आकडेच असत. १९३४ च्या सुमारास नावे आली: पॉप्युलर, रॅपिड, आणि सर्वांत महागडी ती सुपर्ब.

तिच्यात अडीच लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन होते; पण आम्हाला मौज वाटते ती तिच्या सांगाड्याची. त्या काळी बहुतेक गाड्यांचा सांगाडा शिडीसारखा असे. सुपर्बमध्ये त्याऐवजी मधोमध एक जाड पोलादी नळी होती, आपल्या पाठीच्या कण्यासारखी. हिचा फायदा वर्गात दाखवता येतो. वहीच्या कागदाची एक सपाट पट्टी घ्या आणि दुसऱ्या कागदाची कडा चिकटवून नळी करा. दोन्ही पिळून पाहा. पट्टी सहज पिळते, नळी विरोध करते. शिवाय चाके स्वतंत्रपणे वरखाली होत, त्यामुळे एका बाजूच्या खड्ड्याचा धक्का दुसऱ्या बाजूच्या चाकाला बसत नसे. १९३४ ते १९३६ या काळात अशा फक्त २०१ गाड्या बनल्या. पुढे आठ सिलिंडरांची सुपर्बही निघाली. तिची संख्या अवघी १०!

१९३९ मध्ये जर्मन सैन्याने देश व्यापला. हीच श्रीमंतांची मोटार लष्करी रूपात जर्मन अधिकाऱ्यांना वाहू लागली. जाहिरातींतल्या वंशावळीत हे पान सहसा नसते. युद्धानंतर कारखान्याचे राष्ट्रीयीकरण झाले. नियोजित अर्थव्यवस्थेत म्लादा बोलेस्लावच्या वाट्याला लहान गाड्या आल्या, मोठ्या गाड्यांचे काम टाट्रा या कारखान्याकडे गेले. १९४९ साली सुपर्ब बंद पडली.

पुढची ५२ वर्षे या नावाची गाडीच नव्हती. १९९१ मध्ये जर्मनीच्या फोक्सवॅगनने स्कोडात भाग घेतला आणि २००० साली पूर्ण मालकी मिळवली. २००१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात नव्या मोठ्या गाडीचा नमुना मांडला, तेव्हा त्याचे नाव मॉन्ट्रो होते. विकायला आली ती मात्र ‘सुपर्ब’ होऊन. खाली सांगाडा फोक्सवॅगन पसाटचा, सुमारे १० सेंटिमीटर लांबवलेला. मधली नळी नाही, जुन्या गाडीचा एक स्क्रूही नाही. मागच्या दारात छत्री ठेवायची खोबण मात्र होती, आणि लोकांच्या ध्यानात राहिली तीच!

मग जुने नाव का घेतले? नवे नाव रुजवायला पैसा आणि वर्षे लागतात. स्कोडा तेव्हा स्वस्त गाड्यांसाठी ओळखली जाई. आम्ही एके काळी उंची गाड्याही करत होतो, हे सांगायला १९३४ उपयोगी पडले.

या नावाचा महाराष्ट्राशी संबंध आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ (तेव्हाचे औरंगाबाद) शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला. २००४ पासून सुपर्ब तिथे जोडली जाऊ लागली. तयार मोटार आयात केली तर सीमाशुल्क फार; सुटे भाग पेट्यांतून आणून इथे जोडले तर बरेच कमी. म्हणून चेक नावाची, जर्मन सांगाड्याची गाडी मराठवाड्यात उभी राहू लागली.

याच कारखान्यातल्या ऑक्टाव्हियाची कथा तर आणखी गमतीची. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थ आठवी. १९५९ साली राष्ट्रीयीकरणानंतरची आठवी गाडी म्हणून ते ठेवले, १९७१ मध्ये गेले, १९९६ मध्ये परत आले. तेव्हा आठवी असण्याचा संबंध उरलाच नव्हता. भारतात २००५ साली तिची पुढची पिढी आली, पण जुनी अजून खपत होती. म्हणून नव्या गाडीला ‘लॉरा’ म्हटले. २०१३ मध्ये तिच्यानंतरची पिढी आली आणि ‘ऑक्टाव्हिया’ पुन्हा अवतरली. म्हणजे गाडी पुढे गेली तेव्हा नाव थांबले, आणि आठ वर्षांनी नाव गाडीला येऊन मिळाले.

मुलांना आम्ही नागझिऱ्याचेच उदाहरण दिले. नागाचे देऊळ आणि बारमाही झिरा यांवरून हे नाव पडले असे सांगतात. १९७० साली अभयारण्य जाहीर झाले, २०१२ मध्ये शेजारच्या जंगलाला ‘नवीन नागझिरा’ म्हटले, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. इथे नाव पसरत गेले, पण मूळचे जंगल मध्ये कधी नाहीसे झाले नाही. सुपर्बमध्ये मधला दुवाच नव्हता. “म्हणजे कुणी आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसं?” एका मुलीने विचारले. तसेही नाही, कारण नातवात आजोबांचा थोडा तरी अंश असतो.

प्रदूषणाचे नवे नियम आले आणि २०२३ मध्ये सुपर्ब व ऑक्टाव्हिया दोन्ही भारतीय बाजारातून गेल्या. पुढच्याच वर्षी सुपर्ब परतली: फक्त १०० गाड्या, ५४ लाख रुपयांना एक, पूर्ण तयार स्थितीत परदेशातून. या वेळी शेंद्र्याच्या कामगारांनी तिचा एकही बोल्ट आवळला नव्हता.